आमा लांदूच्या खोलीतली परीक्षा

ओहोटी लागली तशा दोघी सासू-सुना कमरेची कापडं वर खोचून पाण्यात उतरल्या. विकायला लावलेल्या समुद्री शेवाळाच्या दोऱ्या खुंट्याखुंट्यांना ताणून बांधलेल्या होत्या, आणि हात घालावा तिथे फांद्या पांढऱ्या पडलेल्या. चांगलं शेवाळ हाताला कसं करकरीत लागतं. हे नुसतं बोट लावलं की गळून पाण्यात जात होतं. सासूने, इना कोंगाने, एक गुच्छ उचलला, नाकाशी नेला आणि फेकून दिला.

"ही ओळ पण गेली," ती म्हणाली.

"काल चांगली होती, इना," येरमिना म्हणाली.

"काल होती. आज बघ."

यंदा पूर्वेचा वारा वेळेवर आलाच नाही. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी तापत राहिलं आणि शेवाळात पांढरा रोग शिरला. लाइवाटू गावातल्या सगळ्यांच्याच दोऱ्या गेल्या, पण शेजारणीचं गेलं म्हणून आपलं दुःख काही हलकं होत नाही. आता एकच करण्यासारखं होतं. रोज ओहोटीला उतरायचं, जिवंत राहिलेले कोंब खुडायचे, नव्या दोरीला बांधायचे आणि खोल पाण्याकडे सरकवायचे. घरात माणसं तीन. येरमिना, तिचा नवरा ओक्ता आणि सासू. पोरं बंदराच्या गावी आत्याकडे शिकायला. चौथा माणूस घरात होता, पण तो कामाला येणारा नव्हता.

तो म्हणजे आमा लांदू, येरमिनाचा सासरा. दोन पावसाळ्यांमागे तो गेला आणि अजून पुरायचा होता. सुंबा बेटावर असं चालतंच. चार घरांची सोयरी जमायला हवीत, रेडे हवेत, थडग्याचा दगड ओढून आणायला गाव हवं. हे जुळेपर्यंत माणूस घरातच राहतो. आमा लांदू पुढच्या खोलीत, मधल्या खांबाला टेकून, गुडघे छातीशी घेऊन बसलेला होता. अंगावर एकावर एक गुंडाळलेली नक्षीची कापडं, इतकी की आता माणसापेक्षा कापडंच जास्त. सकाळी त्याच्यापुढे कॉफी, संध्याकाळी सुपारी-चुना. हे काम थोरल्या सुनेचं. थोरल्या सुनेने तोवर रात्री दुसऱ्या छपराखाली झोपायचंही नाही. येरमिनाला त्याचं ओझं कधी वाटलं नव्हतं. म्हातारा तिला आवडत असे.

कोंब बांधता बांधता इना कोंगा म्हणाली, "उद्या ओहोटी नेमकी तुझ्या परीक्षेच्या वेळेला येतेय."

"माहितीये."

"ओक्ता आणि मी करू. तू बस आत. एकदाची ती पदवी घे आणि आमच्या मानेवरून उतरव."

म्हातारीची बोलायची तऱ्हाच तशी. माया करायची असली तरी ती ओरबाडूनच करायची.

*

येरमिना गावच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून शिकवत होती, आणि तेव्हापासून हंगामीच होती. आता राजधानीतून नियम आला होता की पदवी नसलेल्या हंगामी मास्तरांना नव्या वर्षापासून वर्गात उभं करायचं नाही. मुख्याध्यापक आन्सेल्मुस गुरुजींनी तिला बोलावून हे सांगितलं, तेव्हा त्यांना स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं होतं. बाई, तुमच्या हातून शिकून गेलेली दोन पोरं आता पोलिसात आहेत, पण मी काय करू, असं म्हणाले.

तिने मुक्त विद्यापीठात नाव घातलेलं होतं. नाव घातलं तेव्हा काळ वेगळा होता. पुस्तकं टपालाने बंदराच्या गावी यायची. आमा लांदू घोड्यावर बसून जायचा आणि खोगीराला बांधून आणायचा. परीक्षाही तिथल्याच शाळेच्या मोठ्या खोलीत व्हायची. मास्तरणी, नर्सबाया, पोलीस, पाद्री, सगळे घामाने निथळत एका ओळीत बसायचे आणि सुटल्यावर मिळून मासळी-भात खायचे. नापास झालं तरी चार जणांत झालं असं वाटायचं. मग साथ आली, आणि साथ गेल्यावर पुस्तकं, गुरुजी, परीक्षा सगळं फोनमध्ये जाऊन बसलं. लांबच्या माणसाला सोपं जावं म्हणून हे केलं असं सांगतात. असेलही.

म्हाताऱ्याला अक्षर येत नव्हतं. पण येरमिना वाचायला बसली की तो समोर येऊन बसे. तिची मान पेंगून खाली गेली की जमिनीवर थाप मारी. "मोठ्याने वाच. मला ऐकू दे." मुलांना भागाकार कसा शिकवावा, रडणाऱ्या मुलाला वर्गात कसं बसवावं, हे सगळं त्याने ऐकलेलं होतं. एकदा तर म्हणाला, "रडणाऱ्या मुलाला बसवायला पुस्तक कशाला लागतं? शेंगदाणे द्या." तो गेल्यावरही येरमिना त्याच्याजवळच बसून मोठ्याने वाचायची. एक तर सवय, आणि दुसरं म्हणजे फोनला वारा तिथेच लागायचा. घर टेकाडाच्या कडेला, आणि सगळ्या घरात आमा लांदूच्या डोक्यापाशीच तेवढा सिग्नल. गावातली माणसं निरोप पाठवायला यायची तेव्हा म्हाताऱ्याला नमस्कार करून त्याच्या खांद्याजवळ फोन धरायची. सिग्नल आमाने धरून ठेवलाय, असं हसून म्हणायची.

आता एकच विषय राहिला होता. गणित शिकवण्याची पद्धत. तो सुटला की पदवी, आणि पदवी असली की शाळा.

*

सकाळी दोघं मायलेक समुद्राकडे गेली. येरमिनाने अंग धुतलं, चर्चला जायचा पांढरा सदरा घातला, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि दार लावून घेतलं. नियम तिला पाठ होते. बंद खोली हवी, ओसरी चालत नाही. खोलीत दुसरा माणूस नको. दुसऱ्याचा आवाज नको. उमेदवाराने जागेवरून उठू नये.

विद्यापीठाची पहाऱ्यावरची मुलगी फोनमध्ये दिसली. कानांवर मोठाले गोळे, पाठीमागे निळी भिंत. वय विशीच्या पुढे फार नसेल. आवाज मात्र गोड होता.

"नमस्कार बाई. फोन हातात घेऊन मला खोली दाखवा. चारही भिंती."

येरमिनाने फोन फिरवला. कुडाची भिंत, दार, पाण्याचे हंडे, मधला खांब.

"थांबा. खांबापाशी कोण बसलंय?"

"सासरे आहेत," येरमिना म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. तिने खोटं-खरं असा काही विचारच केला नव्हता. कोणी विचारलं खांबापाशी कोण आहे, तर या घरातलं पोरसुद्धा हेच सांगेल.

"बाई, खोलीत दुसरं कोणी चालत नाही. त्यांना बाहेर जायला सांगा."

"ते उठत नाहीत."

"आजारी आहेत का?"

"आजारी होते. आता नाहीत."

"बरे असतील तर थोडा वेळ बाहेर बसतील ना? सावली असेल."

येरमिनाने खांबाकडे बघून घेतलं. एकच शब्द सांगायचा होता, आणि तो तिला उच्चारता येईना. पुरला जाईपर्यंत माणसाला मेला म्हणत नाहीत. त्याच्यासमोर तर नाहीच नाही. बाहेर, पाण्यात, बाजारात म्हणतील. त्याच्या कानांवर तो शब्द घालायचा म्हणजे त्याला उठवून घराबाहेर लोटण्यासारखंच.

"त्यांना ऐकू येतं," ती हळूच म्हणाली.

"मग तर सोपं आहे, बाई."

"मी त्यांच्यावर कापड टाकू का? दिसणार नाहीत."

"झाकून कसं चालेल? झाकला तरी माणूस खोलीतच राहिला ना?" मुलीने खाली बघून काहीतरी खूण केली. तिच्या तोंडावर खरोखरच वाईट वाटल्याचं दिसत होतं. "मला बंद करावं लागतंय, बाई. दुसरी व्यक्ती हजर, एवढंच लिहिते. कॉपी म्हणून नाही लिहीत. पुन्हा संधी मिळेल एकदा."

फोन काळा झाला. येरमिना सदरा घालून तशीच बसून राहिली. मग उठली, सदरा काढून घडी केला, आणि उरलेली ओहोटी वाया जाऊ नये म्हणून पाण्याकडे गेली. सासूने तिला उतारावरून येताना बघितलं आणि हातातली दोरी सोडली.

*

असली गोष्ट गावात राहते थोडीच झाकून. विद्यापीठाने आमा लांदूला परीक्षेतून हाकललं, ही बातमी संध्याकाळपर्यंत विहिरीवर पोहोचली. "म्हातारा कॉपी पुरवत होता म्हणे," एकीने म्हटलं. "दोन वर्षं ऐकतोय, त्यालाच द्या ती पदवी," दुसरी म्हणाली. बाया हसून हसून हंड्यांवर वाकल्या. येरमिनाही हसली. न हसून सांगते कोणाला? हंडा डोक्यावर घेतला, आणि पाठ वळल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत आन्सेल्मुस गुरुजींनी कपाळाला हात लावला. ते फ्लोरेस बेटाकडचे, त्यांच्यात तिसऱ्या दिवशी मातीआड करतात.

"अहो बाई, सरळ सांगायचं ना की वारलेत."

"त्यांच्यासमोर?"

"कोणासमोर? तिथे..." गुरुजी बोलता बोलता थांबले. बारा वर्षं याच गावात राहिले होते, तेव्हा थांबायचं कुठे ते त्यांना कळत होतं. "बरं. पण पुढच्या वेळी काहीतरी सांगा. ही शेवटची वेळ आहे. नंतर मलाच तुमचं नाव खोडायला लावतील, आणि ते माझ्या हातून करून घेऊ नका."

परीक्षेला पुन्हा बसण्याचा निरोप फोनवर आला. खोली तीच हवी, म्हणजे नोंद केलेली. पडदे, आडोसे नकोत. बंदराच्या गावी जाऊन आत्याच्या घरून द्यावी म्हटलं तर नोंद बदलायची मुदत उलटून गेलेली. आणि ट्रक एका दिवसात परत येत नाही, रात्र बाहेर काढावी लागली असती.

त्या दिवशी जेवताना ओक्ता म्हणाला, "पुरून टाकू."

मक्याच्या भाताचा घास इना कोंगाच्या हातात तसाच राहिला. "कशाने?"

"साधंच करू. आजकाल करतात लोक."

"कुत्र्याला पुरतात तसं? तुझ्या बापाला?"

"मी तसं म्हणालो का?"

"रेतांगला विचार जा," म्हातारी म्हणाली. रेतांग हा आमा लांदूचा धाकटा भाऊ. घराण्याचं बोलणं तोच करायचा. "तो सांगेल तुला साधं म्हणजे काय ते."

ओक्ता जाऊन आला. रेतांगने त्याला पायरीवर उभं करून ऐकवलं होतं. दगड खाणीतून निघाला नाही, बालीला गेलेल्या तुझ्या भावाचा निरोप नाही, आणि तू बायकोच्या फोनपायी बापाला खड्ड्यात घालायला निघालास? दोन तासांसाठी तुमच्या घरी हलवू का, असंही ओक्ताने विचारून बघितलं. त्यावर रेतांग एवढंच म्हणाला की त्या दारातून तो एकदाच बाहेर पडणार आहे, आणि कुठे जायला ते तुला ठाऊक आहे. ओक्ता हे सांगताना बायकोकडे बघत नव्हता. तो भांडणारा माणूस नव्हता, आणि याच गोष्टीचा येरमिनाला त्या दिवशी राग आला.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत?" तिने विचारलं.

"काय बोलणार? तो म्हणतो ते खरंच आहे."

*

पुन्हा बसायच्या आदल्या दिवशी सासू-सुना पाण्यात शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोघींच्या मधे दोरी, आणि दोन्ही टोकांकडून कोंब बांधत मधे यायचं होतं. पाण्याने हातांची कातडी पांढरी होऊन सुरकुतली होती. बोटांना दोरीचे काप पडले होते आणि त्यात मीठ चुरचुरत होतं.

"उद्या विचारलं तर काय सांगशील?" इना कोंगाने गाठ मारता मारता विचारलं.

"कापडं आहेत म्हणेन."

"आणि माणूस आहे का विचारलं तर?"

येरमिनाने कोंब हातात घेतला, तो तुटला, दुसरा घेतला.

"नाही म्हणेन."

"त्याला ऐकू येतं."

"माहितीये, इना."

"नाही म्हटलेला माणूस घरात थांबत नाही. उठून जातो. मग दगड आणा नाहीतर रेडे आणा, आत काय पुरणार? नुसती कापडं?" म्हातारीचा आवाज चढला नव्हता. ती खालीच बघत होती. "त्याच्याबरोबर माझा जन्म गेला. मारलंही त्याने मला, नाही असं नाही. पण मी त्याला हाकललं नाही आणि त्याने मला हाकललं नाही."

येरमिनाचे हात थांबले. "मग मी शाळा सोडते. विषय संपला."

"सोड म्हणाले का मी?" म्हातारीने एकदम वर बघितलं. "तोंडाला येईल ते बोलू नकोस. या दोऱ्यांवर काय पिकतंय ते मला दिसत नाही काय? तुझी शाळा गेली तर काय खायचं, हे पांढरं शेवाळ? आणि त्याला तरी कशाने पुरायचं मग?"

"मग करू काय, सांगा ना. तुम्हीच सांगा."

"मला काय विचारतेस? मी शिकलेय होय?"

तेवढ्यात दोघींचे हात दोरीच्या मध्यावर आले. शेवटची गाठ म्हातारीने मारली. तिला खोकल्याची उबळ आली. ती पाण्यात वाकून खोकत राहिली, आणि येरमिनाने तिची पाठ धरली. हाडं हाताला लागत होती. रोज सकाळी, चुलीचा धूर छातीत गेला की हा खोकला यायचा आणि उन्हं चढल्यावर जायचा.

त्या संध्याकाळी येरमिना सासऱ्यापुढे सुपारी ठेवून बराच वेळ बसली. सांगून ठेवावं असं तिच्या मनात होतं. आमा, उद्या मी जे बोलेन ते तुमच्यासाठी नाही, फोनसाठी आहे. पण असं सांगायचं म्हणजे ते आधीच एकदा बोलून टाकायचं. तिने पुस्तकातलं अपूर्णांकाचं प्रकरण तेवढं मोठ्याने वाचून काढलं. पान संपलं तरी जमिनीवर थाप पडली नाही, आणि ती पडायची नव्हती हे तिला दोन वर्षं ठाऊक होतं, तरी त्या दिवशी तिला ते नव्याने लागलं.

*

सकाळी ओक्ता एकटाच दोऱ्यांकडे गेला. येरमिनाने सदरा घातला, फोन डब्याला टेकवला आणि दार लावायला वळली तर इना कोंगा आत उभी.

"इना, वेळ झाली. तुम्ही ओसरीवर बसा नाहीतर खाली जा. आवाज करू नका."

म्हातारी हलली नाही. तिने पेटीतून आपलं लग्नातलं कापड काढलेलं होतं, तांबड्या घोड्यांच्या नक्षीचं. नवऱ्याच्या शेजारी खांबाला पाठ लावून ती बसली, गुडघे छातीशी घेतले.

"हे काय करताय?"

"तू त्याला नाही म्हणशील तेव्हा कोणीतरी त्याला धरून बसायला हवं. नाहीतर जाईल तो."

"इना, माणूस दिसला की ते बंद करतात. शेवटची वेळ आहे, तुम्हाला माहितीये."

"माणूस कुठे दिसतोय?" म्हातारीने कापडाच्या आत एक हात शेजारच्या कापडांमध्ये खुपसला, दुसऱ्या हाताने पदर डोक्यावरून ओढून तोंड झाकलं. आतून म्हणाली, "आता बघ. एकाची दोन झाली. तूच म्हणणार होतीस ना, कापडं आहेत म्हणून."

"तुम्हाला खोकला येईल."

"नाही यायचा."

येरमिनाने तिचा खांदा धरला. उठवावं, ओढून बाहेर न्यावं, एवढी ताकद तिच्या हातात होती. पण ओढणार कशी? म्हातारीचा हात आत कशात तरी घट्ट गुंतला होता, आणि तो कशात ते येरमिनाला कळत होतं. फोनमधून टुण आवाज आला. ती धावत जाऊन डब्यासमोर बसली.

या वेळी पहाऱ्यावर एक तरुण मुलगा होता. चष्मा होता आणि घाईत होता.

"नमस्कार. खोली दाखवा."

तिने फोन फिरवला. कूड, दार, हंडे. मधला खांब.

"थांबवा तिथेच. ते दोन काय आहेत?"

"कापडं."

"एवढी?"

"घरची आहेत. मानाची."

"मागच्या वेळी इथे दुसरी व्यक्ती होती असं लिहिलंय."

"हो."

"आज आहे?"

येरमिनाला खोलीत दोन श्वास ऐकू येत होते, एक तिचा आणि दुसरा तिच्या मागचा. तो मागचा श्वास हळूहळू बारीक होत होता, मुद्दाम दाबल्यासारखा.

"नाही," ती म्हणाली.

"बाई, मोठ्याने सांगा. तुमचा आवाज नोंदवायचा असतो. खोलीत तुमच्याशिवाय कोणी आहे का?"

"नाही. खोलीत कोणी नाही."

"ठीक. सुरू करा."

प्रश्न आले. पहिला अपूर्णांकांचाच होता. भाकरीचे तुकडे करून मुलांना तिसरा हिस्सा कसा दाखवाल? तिला सगळं येत होतं. इतकं येत होतं की तिला स्वतःचीच चीड आली. बोटं भराभर चालत होती, आणि पाठ मात्र ताठ होऊन गेली होती. मागून काही आवाज येतोय का याच्याकडेच तिचे कान. अर्ध्यावर तो आला. छातीत खरखर सुरू झाली, वर चढली, घशाशी येऊन अडली. पहाऱ्यावरच्या मुलाने मान वर केली. येरमिनाने सदऱ्याच्या बाहीत तोंड घालून खोकून दाखवलं, दोनदा, तीनदा. मुलगा परत खाली बघू लागला. मागची खरखर तशीच दाबत दाबत खाली गेली, आणि त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. श्वाससुद्धा नाही. मागे वळून बघायची सोय नव्हती. वळलं की बंद करतात.

ती लिहीत राहिली. शेवटच्या प्रश्नाला तिला अक्षरं नीट दिसेनात, तरी तिने लिहिलं. मुलगा म्हणाला, उत्तरं पोहोचली, बाई, शुभेच्छा. फोन काळा झाला.

ती उठायच्या आधी गुडघ्यांवरच मागे वळली. दोन्ही कापडं जशीच्या तशी, शेजारी शेजारी. कोणती कोणाची ते फक्त नक्षीवरून कळत होतं.

"इना," ती म्हणाली. "झालं. बंद झालं ते."

काही हललं नाही.

ती रांगत जवळ गेली. "इना. ऐकताय ना? उठा आता."

"कोणाला हाक मारतेस गं?" कापडातून आवाज आला. त्यात राग नव्हता. हंड्यातलं पाणी संपलं म्हणून सांगावं तसं म्हातारीने सांगितलं, "इथे कोणी नाही म्हणालीस ना."

येरमिना तिथेच बसली. पुढे केलेला हात तिला ना कापडाला लावता आला, ना मागे घेता आला. खाली भरती यायला लागली होती. दोऱ्या खोल पाण्याकडे ओढायला दोघांचे तरी हात लागत, आणि ओक्ता एकटा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून टेकाडाकडे हाका मारत होता, आधी आईला, मग बायकोला. त्या खोलीतून कोणीच ओ दिली नाही.